नेट मीटरिंग: सौरसंच ग्रिडला जोडण्यापूर्वी, जोडताना आणि जोडल्यानंतर

छतावर सौरसंच बसवू पाहणारे बहुतेक ग्राहक चौकशीची सुरुवात करतात ती पॅनेल कोणत्या कंपनीचे घ्यावे इथपासून. वास्तविक संच किती मोठा असावा, तो कोणत्या फेजवर जोडावा, बॅटरी हवी की नको आणि घातलेला पैसा किती वर्षांत वसूल होईल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पॅनेलच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ती उत्तरे असतात मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांत, वीजवितरण कंपनीच्या मीटरिंगविषयक नियमांत आणि आपल्याच जागेतील मुख्य वितरण पेटीत. म्हणून नेट मीटरिंगवरील, म्हणजे ग्रिडला (वीजवितरणाच्या सार्वजनिक जाळ्याला) दिलेली वीज तिथून घेतलेल्या वीजेतून वळती करण्याच्या पद्धतीवरील, या लेखात कामाचा क्रम तसाच ठेवला आहे: आधी हिशेब, मग परवानगी, मग जोडणी. उदाहरणे सौरऊर्जेची असली तरी लहान पवनचक्की किंवा बायोगॅसवरील जनित्र ग्रिडला जोडताना परवानगीचा, मीटरचा आणि संरक्षणाचा भाग जवळजवळ असाच असतो.

मीटर नेमके काय मोजतो

ग्रिडशी जोडलेला इन्व्हर्टर पॅनेलकडून आलेल्या एकदिश (डीसी) प्रवाहाचे प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहात रूपांतर करतो आणि तो ग्रिडच्या व्होल्टेजशी, वारंवारितेशी व कलेशी (लहरीच्या चढउताराच्या वेळेशी) जुळवून घराच्या वायरिंगमध्ये सोडतो. ही वीज प्रथम त्या क्षणी घरात चालू असलेल्या उपकरणांना मिळते. उपकरणांची गरज निर्मितीपेक्षा जास्त असेल तर उरलेली वीज ग्रिडमधून येते, कमी असेल तर शिल्लक वीज बाहेर जाते. द्विदिश मीटर घराच्या हद्दीवर बसलेला असतो आणि त्याला फक्त ही देवघेव दिसते. आत आलेली वीज तो एका नोंदीत साठवतो आणि बाहेर गेलेली दुसऱ्या नोंदीत. अनेक डिजिटल मीटरांच्या पडद्यावर आयातीची नोंद १.८.० आणि निर्यातीची २.८.० या संकेतांकाने येते.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते आणि पहिल्या बिलावर होणारे बहुतेक वाद तिच्यातूनच उद्भवतात. समजा, एका घराचा महिन्याचा वापर ६०० युनिट आहे आणि संचाने ५०० युनिट निर्माण केले. दिवसा चालणाऱ्या उपकरणांनी त्यांतील १८० युनिट जागच्या जागी वापरले. उरलेले ३२० युनिट बाहेर गेले, तर रात्री आणि ढगाळ वेळी ४२० युनिट ग्रिडमधून घेतले गेले. बिलावर आयात ४२०, निर्यात ३२० आणि निव्वळ वापर १०० युनिट दिसेल. इन्व्हर्टरच्या ॲपमधील ५०० हा आकडा बिलावर कुठेही येणार नाही, आणि जागच्या जागी वापरलेले १८० युनिट मीटरला कधीच दिसलेले नसतात. ‘मीटरने माझी १८० युनिट खाल्ली’ ही तक्रार म्हणूनच निराधार असते; त्या युनिटांचा पूर्ण मोबदला ती विकत न घेतल्यामुळे आधीच मिळालेला असतो. मीटरवर खरोखर संशय असेल, तर निर्मितीतून निर्यात वजा करून त्यात आयात मिळवावी. येणारा आकडा म्हणजे घराचा एकूण वापर, आणि तो मागील वर्षीच्या त्याच महिन्याच्या वापराशी ताडून पाहता येतो.

तीन फेजच्या जोडणीत आणखी एक बारकावा आहे. एका फेजवर बसवलेला इन्व्हर्टर त्या फेजमधून ३ किलोवॉट बाहेर पाठवत असेल आणि उरलेल्या दोन फेज प्रत्येकी १.५ किलोवॉट आत घेत असतील, तर तिन्ही फेजांची बेरीज करणारा मीटर त्या क्षणी शून्य नोंदवतो, पण प्रत्येक फेज वेगळी मोजणारा मीटर ३ किलोवॉट आयात आणि ३ किलोवॉट निर्यात अशा दोन्ही नोंदी करतो. आयात आणि निर्यात यांचा दर सारखा असेल तर याने काहीच बिघडत नाही. दर वेगळे असतील तर मात्र दर तासाला तोटा होतो. आपल्याकडे बसणारा मीटर कोणत्या पद्धतीने मोजतो हे अर्ज करतानाच विचारून घ्यावे आणि शंका असल्यास तीन फेजचा इन्व्हर्टर घ्यावा.

हिशेबाची पद्धत ओळखणे

‘नेट मीटरिंग’ हा शब्द बोलण्यात सरसकट वापरला जातो, पण त्याखाली निदान तीन वेगळ्या पद्धती येतात. खऱ्या नेट मीटरिंगमध्ये युनिटाच्या बदल्यात युनिट वळते केले जाते. नेट बिलिंगमध्ये आयातीला पूर्ण दर लागतो आणि निर्यातीला वेगळा, बहुधा कमी, दर मिळतो. ग्रॉस मीटरिंगमध्ये संचाची सगळी वीज थेट ग्रिडला विकली जाते आणि घराचा सगळा वापर ग्रिडमधून घेतला जातो, त्यामुळे जागच्या जागी वापर ही गोष्ट हिशेबात उरतच नाही.

वरच्याच उदाहरणावरून फरक पाहू. विकत घेतलेल्या वीजेचा दर १ मानला आणि निर्यातीचा दर त्याच्या ४० टक्के धरला, तर संच नसताना बिल ६०० एककांचे होते. नेट मीटरिंगमध्ये ते १०० एककांवर येते. नेट बिलिंगमध्ये ४२० मधून १२८ वजा होऊन २९२ उरतात. ग्रॉस मीटरिंगमध्ये ६०० मधून २०० वजा होऊन ४०० उरतात. छत तेच, पॅनेल तीच, ऊन तेवढेच. बदलली ती फक्त मोजणी. आता धुलाई, पाण्याचा पंप, गिझर अशा कामांपैकी १०० युनिटांचे काम रात्रीवरून दुपारी आणले असे समजा. नेट मीटरिंगमध्ये बिल १०० वरच राहील, कारण ग्रिडच तुमची फुकटची बॅटरी झालेली असते. नेट बिलिंगमध्ये मात्र आयात ३२० व निर्यात २२० होऊन बिल २३२ वर येईल. यावरून निष्कर्ष सरळ आहे: युनिटास युनिट मिळत असेल तर वार्षिक वापराइतका संच घेणे परवडते, आणि निर्यातीला कमी दर असेल तर दिवसाच्या वापराला साजेसा लहान संच जास्त किफायतशीर ठरतो. बॅटरी घेण्याचा आर्थिक विचारही दुसऱ्या परिस्थितीतच सुरू होतो.

ही पद्धत कायम तशीच राहील असे मानण्याचे कारण नाही. नेट मीटरिंगचा उगम साध्या यांत्रिक मीटरात आहे. त्याची तबकडी उलट्या प्रवाहाने उलटी फिरत असे आणि हिशेब आपोआप होत असे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये ४० किलोवॉटपेक्षा लहान संचांसाठी त्याला कायद्याचे रूप दिले. पुढे संचांची संख्या वाढली, दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग झाली, आणि कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या अर्जदारांना कमी निर्यातदराच्या नेट बिलिंगखाली आणले, जुन्या ग्राहकांना मात्र त्यांच्या मुदतीपर्यंत जुनीच पद्धत ठेवली. म्हणून करारात ‘मुदत किती’ आणि ‘नियम बदलल्यास जुन्या ग्राहकांचे काय’ ही दोन कलमे सर्वांत आधी वाचावीत.

त्याखेरीज चार बाबी लेखी स्वरूपात मिळवाव्यात. वळते करण्याचा कालावधी एक तासाचा आहे, एक महिन्याचा की एक वर्षाचा; शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात का; वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात की ती बाद होतात; आणि दिवसाच्या वेळेनुसार दर असतील तर दुपारची शिल्लक संध्याकाळच्या महाग वापरातून वजा होते का. शेवटचा प्रश्न अनेकदा राहून जातो. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कागदावर वापराइतकी निर्मिती असूनही संध्याकाळचे बिल पूर्ण येते. स्थिर आकार, मीटरभाडे आणि कर तर कोणत्याही पद्धतीत राहतातच. शून्य बिलाचे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्याला ते कसे शून्य होतील हे मागच्या बिलावर बोट ठेवून विचारावे.

संचाची क्षमता ठरवणे

बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करा. ती ४८०० आली आणि आपल्या भागात १ किलोवॉट क्षमतेमागे वर्षाला १४०० युनिट मिळतात असे धरले, तर सुमारे साडेतीन किलोवॉटचा संच वार्षिक वापर भागवतो. किलोवॉटमागचे उत्पन्न अक्षांश, ढगाळपणा, पॅनेलांची दिशा व कल यांनुसार बरेच बदलते, त्यामुळे विक्रेत्याचा सरसकट आकडा न घेता स्थानिक सूर्यप्रकाशाच्या नोंदींवर आधारलेला महिनावार अंदाज मागावा. तो बारा आकड्यांत द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून दरपत्रक घेण्यात अर्थ नाही.

पॅनेलवर छापलेली क्षमता ही प्रयोगशाळेतील आहे: प्रति चौरस मीटर १००० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश सेल्सियस. उन्हात सेल सहज ६५ अंशांपर्यंत तापते. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्का घटते असे धरल्यास ४० अंशांच्या वाढीने १४ टक्के घट एवढ्यानेच होते. त्यावर धूळ, तारा आणि इन्व्हर्टर यांतील घट असते. कडक उन्हातही ५ किलोवॉटचा संच ४ किलोवॉटच्या आसपास दाखवतो, तो यामुळे. त्यात बिघाड नसतो. पॅनेलची क्षमता इन्व्हर्टरपेक्षा दहा ते तीस टक्के जास्त ठेवण्याची रीतही यातूनच आलेली आहे.

जागेच्या बाबतीत, आजच्या पॅनेलांना किलोवॉटमागे सुमारे ५ चौरस मीटर लागतात, पण सपाट गच्चीवर दोन ओळींतील अंतर आणि देखभालीची वाट धरल्यास ही गरज जवळजवळ दुप्पट होते. छत वजन आणि विशेषतः वाऱ्याची उचल पेलेल का, हे स्थापत्य अभियंत्याने सांगावे. सावलीबाबत मात्र काटेकोर राहावे. पाण्याची टाकी, जिन्याची खोली किंवा एखादा खांब यांची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या सेलमालिकेचा प्रवाह अडतो, बायपास डायोड तेवढा भाग वगळतो आणि पॅनेलचा साधारण तिसरा हिस्सा गळतो. वर्षातील सर्वांत लहान दिवसांत सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत सावली कुठे पडते ते पाहूनच मांडणी ठरवावी. सावली टाळता येत नसेल तर प्रत्येक पॅनेलमागे त्याला स्वतंत्रपणे चालवणारा ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर लावण्याचा जादा खर्च सार्थ ठरतो. जिथे सावली नाही तिथे तो सहसा निरर्थक असतो.

व्यावसायिक ग्राहकांनी आधी पाहायच्या गोष्टी

दुकान किंवा कार्यालय यांचा वापर दिवसाच असतो, म्हणून सौरसंच त्यांना घरापेक्षा अधिक मानवतो. कारखान्यांच्या बिलात मात्र दोन असे आकार असतात, ज्यांवर सौरसंचाचा परिणाम अपेक्षेपेक्षा वेगळा होतो.

पहिला मागणी आकार, म्हणजे महिन्यातील कमाल मागणीवर लागणारा आकार. महिन्यातील एखाद्या ढगाळ दुपारी किंवा संध्याकाळच्या पाळीत कमाल मागणी नोंदली गेली, की इतर दिवशी कितीही निर्मिती झाली तरी तो आकार कमी होत नाही. दुसरा पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या एकूण शक्तीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या (सक्रिय) शक्तीचे प्रमाण, आणि तो अधिक फसवा आहे. समजा, कारखान्याचा भार १०० किलोवॉट आणि पॉवर फॅक्टर ०.९५ आहे; म्हणजे मोटारींना सुमारे ३३ केव्हीएआर इतकी प्रतिक्रियात्मक शक्तीही (चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी) लागते. आता सौरसंच ८० किलोवॉट देऊ लागला. तो केवळ सक्रिय शक्ती देतो, त्यामुळे ग्रिडमधून २० किलोवॉट आणि पूर्वीइतकेच ३३ केव्हीएआर येत राहतात. मीटरला आता पॉवर फॅक्टर सुमारे ०.५२ दिसतो. कारखान्यात काहीही बिघडलेले नसताना दंड लागू होतो आणि सौरसंचाने वाचवलेल्या पैशांचा लचका तोडतो. उपाय आहेत: इन्व्हर्टरला प्रतिक्रियात्मक शक्ती देण्याची जुळणी करणे, किंवा तीच शक्ती पुरवणारी कपॅसिटरची स्वयंचलित पेटी नव्याने जुळवणे. पेटीचा प्रवाह मोजणारा संवेदक (करंट ट्रान्सफॉर्मर) सौरजोडणीच्या कोणत्या बाजूला आहे आणि प्रवाह उलटा झाल्यावर तिचा नियंत्रक गोंधळतो का, हे तपासून घ्यावे. हा मुद्दा दरपत्रक मागवतानाच अटींमध्ये लिहिलेला बरा.

डिझेल जनित्र असलेल्या ठिकाणी तिसरी काळजी लागते. वीज गेल्यावर जनित्र सुरू झाले, की सौर इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजून जोडला जातो. भार कमी असेल तर सौरवीज जनित्रातच उलटी शिरू पाहते. जनित्रावर किमान तीस टक्के भार राहील इतपत सौरनिर्मिती आपोआप आवरणारा नियंत्रक बसवावा, नाहीतर जनित्र चालू असताना सौरसंच अलग ठेवणारे इंटरलॉक करावे.

अर्ज आणि परवानगी

साहित्य विकत घेण्यापूर्वी अर्ज करावा, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. मंजूर क्षमता मागितलेल्यापेक्षा कमी येऊ शकते आणि तोपर्यंत आणलेले पॅनेल परत जात नाहीत.

वितरण कंपनी प्रामुख्याने तीन बाबी पाहते. संचाची क्षमता ग्राहकाच्या मंजूर भाराच्या किंवा ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे का. त्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) आधीच जोडलेल्या संचांची बेरीज किती झाली आहे. आणि त्या वाहिनीवर व्होल्टेज मर्यादेत राहील का. रोहित्रावरील वाटा संपला असेल तर अर्ज नाकारला जातो किंवा रोहित्र वाढवण्याचा खर्च मागितला जातो. अशा वेळी निर्यात मर्यादित ठेवण्याच्या अटीवर परवानगी मिळते का, हे विचारावे. मर्यादेबाहेरची निर्मिती कमी करणारा इन्व्हर्टर आज सहज उपलब्ध आहे आणि दिवसाचा वापर चांगला असेल तर त्याने फारसे नुकसान होत नाही.

अर्जासोबत सहसा अलीकडचे बिल, जागेच्या मालकीचा किंवा वापरहक्काचा पुरावा, एकरेषीय विद्युत आराखडा (संपूर्ण जोडणी एकेका रेषेने दाखवणारे रेखाचित्र), इन्व्हर्टर व पॅनेल यांची प्रमाणपत्रे आणि परवानाधारक ठेकेदाराचे नाव लागते. बिलावरील नाव आणि जागेच्या कागदावरील नाव वेगळे असेल तर ते आधी एकसारखे करून घ्यावे; तांत्रिक कारणांपेक्षा अशा विसंगतीनेच अर्ज अधिक काळ रखडतात. सामाईक छत असलेल्या इमारतीत इतर रहिवाशांची लेखी संमती लागते आणि तयार होणारी वीज एकाच सामाईक मीटरला द्यायची की अनेकांत वाटायची, हे ठरवावे लागते. प्रमाणपत्रांत पॅनेलसाठी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानके) ६१२१५ व ६१७३०, इन्व्हर्टरच्या सुरक्षेसाठी आयईसी ६२१०९ आणि ग्रिड गेल्यावर बंद पडण्याच्या चाचणीसाठी आयईसी ६२११६ हे क्रमांक शोधावेत. प्रमाणपत्रातील मॉडेल क्रमांक दरपत्रकातल्याशी अक्षरशः जुळला पाहिजे.

वीज गेल्यावर संच का बंद पडतो

ग्रिडचा पुरवठा गेला की सामान्य सौर इन्व्हर्टर भर दुपारीही बंद पडतो. अनेकांना हे संच बसल्यावर कळते. यामागे ठोस कारण आहे. वाहिनी बंद आहे असे समजून लाइनमन तारेला हात लावेल आणि एखाद्या छतावरून तिच्यात वीज येत असेल, तर त्याचा जीव जाईल. शिवाय तुटलेला भाग आपल्याच वीजेवर चालत राहिला आणि तेवढ्यात मुख्य पुरवठा परत जोडला गेला, तर दोन्हींची कला जुळलेली नसल्याने उपकरणांना जबर धक्का बसतो. म्हणून आयईईई १५४७ या मानकाप्रमाणे असा अलग पडलेला भाग ओळखून इन्व्हर्टरने २ सेकंदांत पुरवठा थांबवणे अपेक्षित असते. वीज आल्यावरही व्होल्टेज व वारंवारिता काही वेळ स्थिर राहिल्यानंतरच, बहुधा पाच मिनिटांनी, तो परत जोडला जातो.

वीज नसताना घर चालू ठेवायचे असेल तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा, आणि घराला ग्रिडपासून तोडणारे चेंजओव्हर त्यात असले पाहिजे. सगळे घर न जोडता दिवे, पंखे, राउटर, फ्रिज अशा निवडक सर्किटांची वेगळी पेटी करावी. कार्यालयांसाठीही हेच धोरण योग्य आहे.

या संरक्षणाच्या जुळण्या ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नयेत. जर्मनीत सुरुवातीच्या काळातले असंख्य इन्व्हर्टर वारंवारिता ५०.२ हर्ट्झवर जाताच एकदम बंद पडतील असे जुळवलेले होते; संचांची संख्या वाढल्यावर एकाच क्षणी सगळी निर्मिती नाहीशी होण्याचा धोका निर्माण झाला आणि २०१२ पासून लाखो संचांच्या जुळण्या बदलाव्या लागल्या. आजच्या इन्व्हर्टरमध्ये देश किंवा ग्रिडनियम निवडण्याची सोय असते. ती निवड बरोबर झाली आहे हे पडद्यावर पाहून, त्याचे छायाचित्र कागदपत्रांसोबत ठेवावे.

जोडणी: जिथे काम बिघडते

एकदिश प्रवाहाच्या बाजूला पहिला हिशेब व्होल्टेजचा. पॅनेल थंड असते तेव्हा त्याचे व्होल्टेज वाढते. मोकळ्या स्थितीत (भार न जोडता) ५० व्होल्ट देणारी १२ पॅनेल एका मालिकेत जोडली तर २५ अंशांना ६०० व्होल्ट होतात आणि ६०० व्होल्टच्या इन्व्हर्टरला ते चालतील असे वाटते. पण दर अंशामागे ०.२७ टक्का वाढ धरली, तर ५ अंशांच्या सकाळी तीच मालिका ६३२ व्होल्टवर जाते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. अशा बिघाडाला हमीचे संरक्षणही मिळत नाही. मालिकेची लांबी नेहमी त्या जागेच्या किमान तापमानाला काढावी.

एकदिश प्रवाहाचा आर्क (हवेतून उडणारी विद्युतज्वाला) सहजासहजी विझत नाही, कारण हा प्रवाह प्रत्यावर्ती प्रवाहासारखा दर अर्धचक्राला शून्यातून जात नाही. त्यामुळे स्विच, फ्यूज आणि सर्ज संरक्षक त्या प्रवाहासाठीच बनवलेले असावेत. घरगुती एमसीबी (प्रत्यावर्ती प्रवाहासाठीचा छोटा ब्रेकर) तिथे लावणे धोक्याचे आहे. एका कंपनीचा कनेक्टर दुसऱ्या कंपनीच्या कनेक्टरमध्ये ‘बसतो’ म्हणून जोडू नये. ढिला सांधा तापतो आणि छतावरच्या आगींमागे असे सांधे वारंवार आढळले आहेत. दोन्ही बाजूंचे कनेक्टर एकाच उत्पादकाचे असावेत आणि त्यासाठी नेमलेल्या क्रिंपिंग पकडीनेच दाबलेले असावेत.

प्रत्यावर्ती बाजूला तारेची जाडी ही केवळ तार तापू नये म्हणून नसते. बाहेर वीज ढकलण्यासाठी इन्व्हर्टरला आपले व्होल्टेज ग्रिडपेक्षा किंचित वर न्यावे लागते आणि ही वाढ तारेच्या रोधावर अवलंबून असते. २३० व्होल्टवर ५ किलोवॉट म्हणजे सुमारे २१.७ अँपिअर. इन्व्हर्टर मीटरपासून ४० मीटरवर असेल आणि तांब्याची तार ४ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाण्यायेण्याचा रोध सुमारे ०.३५ ओहम आणि वाढ ७.६ व्होल्ट होते. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत ती सुमारे ३ व्होल्ट राहते. दुपारी ग्रिडचे व्होल्टेज आधीच २४७ असेल आणि इन्व्हर्टर २५३ व्होल्टला तुटणार असेल, तर पहिला संच दररोज ऐन उन्हात बंद-चालू होत राहतो, दुसरा निमूट चालतो. जाड तारेत घातलेला पैसा पॅनेलच्या नावात घातलेल्या पैशापेक्षा जास्त परतावा देतो, असे माझे ठाम मत आहे.

मुख्य पेटीतील बसबारकडेही, म्हणजे ब्रेकरना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीकडेही, लक्ष द्यावे. मुख्य ब्रेकर ६३ अँपिअरचा आणि सौरजोडणीचा ब्रेकर ३२ अँपिअरचा असेल, तर दोन्हीकडून मिळून ९५ अँपिअर बसबारमध्ये येऊ शकतात आणि तरीही एकही ब्रेकर पडणार नाही. ६३ अँपिअरची जुनी बसबार अशा वेळी तापत राहते. पेटी बदलणे किंवा सौरजोडणी मुख्य ब्रेकरच्या आधी स्वतंत्र संरक्षणासह घेणे, यांपैकी एक मार्ग अभियंत्याकडून लेखी ठरवून घ्यावा. पॅनेलांच्या चौकटी आणि सांगाडा अर्थिंगला सलग जोडलेले असावेत, मीटरजवळ कुलूप लावता येणारा अलगाव स्विच असावा आणि ‘येथे दोन स्रोतांकडून वीज येते’ अशी ठळक पाटी मुख्य पेटीवर लावावी.

चाचणी, मीटर बदल आणि सुरुवात

तपासणीच्या दिवशी पुढील नोंदी अंकांत लिहून घ्याव्यात. आयईसी ६२४४६ या मानकात यांचीच अपेक्षा आहे:

- प्रत्येक मालिकेची ध्रुवता आणि मोकळ्या स्थितीतील व्होल्टेज. समान मालिकांत लक्षणीय फरक असल्यास त्याचे कारण
- तारा आणि अर्थ यांमधील रोधन, किमान १ मेगाओहम
- सांगाड्यापासून अर्थपर्यंतची सलगता
- मुख्य पुरवठा बंद केल्यावर इन्व्हर्टर थांबतो का आणि पुरवठा आल्यावर किती वेळाने जोडला जातो

संच तयार झाला, ऊन पडले आहे, पण द्विदिश मीटर अजून आलेला नाही, अशा वेळी ‘थोडा चालवून पाहू’ हा मोह आवरावा. परवानगीविना जोडणे करारभंग आहेच. शिवाय अनेक एकदिश डिजिटल मीटर चोरी रोखण्यासाठी प्रवाहाची दिशा न पाहता सगळी वीज आयात म्हणूनच मोजतात. म्हणजे ग्राहकाने बाहेर पाठवलेल्या वीजेचेही बिल त्यालाच येते. मीटर बसवताना जुन्या मीटरचे अंतिम वाचन, नव्याच्या दोन्ही नोंदींचे प्रारंभिक वाचन आणि मीटर क्रमांक यांचे छायाचित्र घ्यावे. मोठ्या जोडणीत करंट ट्रान्सफॉर्मरची दिशा उलटी बसली तर आयात आणि निर्यात यांची अदलाबदल होते. रात्री, निर्मिती शून्य असताना, फक्त आयातीची नोंद वाढते आहे का हे पाहिले की ही चूक पहिल्याच दिवशी पकडता येते.

पहिले वर्ष

पहिली तीन बिले हाताने तपासावीत: मागील व चालू वाचन, दोन्ही नोंदी, पुढे ओढलेली शिल्लक आणि वेळेनुसारचे गट. बिलप्रणालीत ग्राहकाचा प्रकार बदलला नसेल तर निर्यातीचा रकानाच येत नाही, आणि तक्रार जितकी उशिरा तितकी दुरुस्ती किचकट होते. संचाची तब्येत पाहण्यासाठी दिवसाचा आकडा निरुपयोगी असतो. महिन्याची निर्मिती सुरुवातीला घेतलेल्या महिनावार अंदाजाशी ताडावी. घट हळूहळू होत असेल तर धूळ किंवा वाढलेले झाड, एका दिवसात ठरावीक हिश्शाने झाली असेल तर एखादी मालिका तुटलेली, आणि केवळ दुपारी खाच पडत असेल तर व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर तुटत असण्याची शक्यता असते. शेवटच्या बाबतीत इन्व्हर्टरच्या त्रुटिनोंदी काढून त्या तारखा-वेळांसह वितरण कंपनीकडे द्याव्यात. रोहित्राचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी) बदलून अनेकदा प्रश्न सुटतो. पॅनेल धुताना ती गार असावीत, म्हणजे सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये.

पुढे पॅनेल वाढवायची असतील तर मूळ मंजुरी पुरत नाही. नवा अर्ज लागतो आणि काही ठिकाणी त्यामुळे संपूर्ण संच नव्या, कमी फायद्याच्या नियमांखाली जातो. तो धोका असल्यास वाढीव क्षमतेऐवजी निर्यात न करणारा वेगळा संच किंवा बॅटरी यांचा विचार करावा. घर किंवा कारखाना विकताना नेट मीटरिंगचा करार आपोआप खरेदीदाराच्या नावे होत नाही. विक्रीच्या कागदांत संच, त्याच्या हमी, जमा युनिट आणि करार यांचा स्पष्ट उल्लेख करून हस्तांतराचा अर्ज मीटरच्या नावबदलासोबतच द्यावा, आणि एकरेषीय आराखडा, चाचणीच्या नोंदी व इन्व्हर्टरचे परवलीचे शब्द नव्या मालकाच्या हाती सोपवावेत.